एफएमसी शिकतोयस? आकडा आधी डोक्यात, मग स्क्रीनवर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स झालंय, टाईप रेटिंग म्हणजे एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण दोन महिन्यांवर आलंय, एफएमसीचे म्हणजे विमानाचा मार्ग आणि वेग ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरतंय, तर कुठली पानं आधी पाठ करू, घरच्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरचा उपयोग होतो का, आणि हात बसायला किती दिवस लागतात. मी आधी ७३७ उडवलं, नंतर ए३२०, आणि आता बरीच वर्षं सिम्युलेटरमध्ये मागच्या इन्स्ट्रक्टरच्या खुर्चीत बसून तुझ्यासारखी मुलंमुली शिकताना बघतोय. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, चालेल असं धरतो.

पानं पाठ होतात रे, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. स्क्रीन केवढीशी, १४ ओळी आणि एका ओळीत २४ अक्षरं, दोन्ही बाजूंना सहा सहा बटणं, खाली एबीसीडीच्या क्रमाने कीबोर्ड. सगळा व्यवहार एकाच पद्धतीने चालतो, जे टाकायचं ते सगळ्यात खालच्या ओळीत म्हणजे स्क्रॅचपॅडवर टाईप करायचं आणि मग ज्या ओळीत ते जायला हवं तिच्या शेजारचं बटण दाबायचं, बस. चौकोन दिसले तर ती माहिती द्यावीच लागते, नुसत्या रेघा दिसल्या तर दिली तरी चालते. बोईंगवर एक्झेक बटणाचा दिवा लागला म्हणजे तू काहीतरी बदललंयस पण अजून पक्कं केलेलं नाहीस, नकाशावर तो बदल पांढऱ्या तुटक रेषेने दिसतो आणि चालू मार्ग मॅजेंटा रंगात. एअरबसवर तात्पुरता मार्ग पिवळा तुटक, चालू मार्ग हिरवा. एवढं कळलं की पुढचं सगळं सरावाचं काम.

७३७ च्या प्रीफ्लाइटला, म्हणजे उड्डाणाआधीच्या तयारीला तर मशीन स्वतःच हात धरून नेतं. आयडेंट, पॉस इनिट, रूट, डिपार्चर अरायव्हल, लेग्ज, पर्फ इनिट, एन१ लिमिट, टेकऑफ रेफ, आणि यात बहुतेक ठिकाणी पुढच्या पानाचं नाव उजवीकडच्या सगळ्यात खालच्या बटणासमोर लिहिलेलं असतं. एअरबसवाले डेटा, इनिट ए, फ्लाइट प्लॅन, सेकंडरी, रॅडनॅव्ह, इनिट बी, पर्फ असा क्रम घोकतात. कागदी कॉकपिट भिंतीला लावायचं आणि त्याच्यासमोर बसून बोटाने हा क्रम करायचा, तोंडाने मोठ्याने म्हणत. पंधरा दिवस रोज अर्धा तास केलंस तर बोटं आपोआप चालायला लागतील.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलोय ती सांगतो. हे मशीन तू जे टाकशील ते खरं धरतं. फॉर्मॅट चुकला तर इनव्हॅलिड एंट्री म्हणेल, नाव माहीत नसेल तर नॉट इन डेटाबेस म्हणेल, पण फॉर्मॅट बरोबर आणि आकडा चुकीचा असेल तर बहुतेक वेळा ते गप्प बसतं आणि त्या चुकीच्या आकड्यावर अगदी बिनचूक गणित करून देतं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवसापासून एकच सवय लावतो, बटण दाबायच्या आधी उत्तर साधारण काय यायला हवं ते बोलून दाखव. मग दाब. मग बघ तेच आलं का. नाही आलं तर थांब, कारण एकतर तुझा अंदाज चुकलाय नाहीतर तू टाकलेलं काहीतरी चुकलंय, आणि दोन्हीतलं काय ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वजनाचं उदाहरण घे. ७३७ च्या पर्फ इनिट पानावर ग्रॉस वेट म्हणजे एकूण वजन आणि झिरो फ्युएल वेट म्हणजे इंधन सोडून बाकीचं वजन एकाच बाजूला दोन ओळींत असतात. समज लोडशीटवर, म्हणजे वजनांच्या कागदावर, झिरो फ्युएल वेट ५८ टन आहे, इंधन ९ टन, म्हणजे एकूण ६७. आता घाईत ५८ चा आकडा चुकून ग्रॉस वेटच्या ओळीत टाकला तर मशीन म्हणतं ठीक आहे, एकूण ५८, इंधन ९, म्हणजे झिरो फ्युएल वेट ४९. आणि ४९ टन हा ७३७-८०० साठी अशक्य आकडा नाहीये, जवळजवळ रिकामं विमान तसंच असतं, म्हणून कुठलाही मेसेज येत नाही. पुढे टेकऑफचे स्पीड निघतात ते खऱ्यापेक्षा १० नॉटच्या आसपास कमी. ज्याच्या डोक्यात आधीच असतं की आज ६७ टन आहोत म्हणजे रोटेट, नाक उचलायचं ते, साधारण अमुक स्पीडला, त्याला तो आकडा बघताक्षणी खटकतो. ज्याने फक्त पानं पाठ केलीत त्याला कसा खटकणार?

आणि हे फक्त शिकाऊंचं होतं असं समजू नकोस. २० मार्च २००९ ला मेलबर्नहून एमिरेट्सचं एक ए३४०-५०० निघालं, टेकऑफचं गणित करताना लॅपटॉपमध्ये ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टाकलं गेलं, एक अंक, १०० टनांचा फरक. आलेले स्पीड आणि कमी केलेली ताकद त्या हलक्या विमानाची होती. शेपटी रनवेवर घासली, विमान रनवेच्या पुढे जाऊन कसंबसं उचललं गेलं. सुदैवाने सगळे सुखरूप परत उतरले. तिथे चार पायलट होते कॉकपिटमध्ये, अनुभवी. लॅपटॉपमधून आलेला आकडा कॉकपिटमध्ये एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि प्रत्येकाला वाटतं आधीच्याने बघितलंय, इथेच गफलत होते.

पोझिशनचंही तसंच. १० मार्च २०१५ ला सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका ए३३० मध्ये गेटवरचे रेखांश हाताने टाकताना १५१ अंश ९.८ मिनिटांच्या जागी १५ अंश १९.८ मिनिटं गेलं. कीबोर्डवर हा फरक किती छोटा आहे बघ, १५१०९.८ आणि ०१५१९.८. जमिनीवर मात्र तो ११,००० किलोमीटरच्या वर जातो. टेकऑफनंतर ऑटोपायलट लावल्यावर विमान डावीकडे, शेजारच्या समांतर रनवेच्या बाजूला जायला लागलं, सिस्टिम्सचे इशारे सुरू झाले, नेव्हिगेशनची बरीचशी साधनं हातातून गेली आणि शेवटी ते मेलबर्नला उतरवावं लागलं. म्हणून पोझिशन टाकून झाल्यावर नकाशाच्या स्क्रीनवर बघायचं, विमानाचं चिन्ह खरंच त्याच विमानतळावर, त्याच रनवेच्या शेजारी बसलंय का. दोन सेकंदांचं काम आहे.

रूट टाकल्यावर काय करायचं ते नीट सांगतो, कारण इथे नवीन मुलं सगळ्यात जास्त वेळ वाचवायला बघतात. लेग्जच्या पानावर प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर येतं. चार्ट हातात घ्यायचा आणि एक एक ओळ जुळवायची, नाव, दिशा, अंतर, उंचीची अट. नकाशा प्लॅन मोडला टाकून एक एक पॉइंट पुढे सरकवत बघायचा, रेष मध्येच कुठे विचित्र कोपरा घेतेय का. शेवटी एकूण अंतर कागदी फ्लाइट प्लॅनशी ताडायचं. दहावीस मैलांचा फरक असू शकतो, एसआयडी म्हणजे विमानतळावरून निघायचा ठरलेला मार्ग किंवा रनवे वेगळा असतो, पण शेकडो मैलांचा फरक असेल तर काहीतरी चुकलंय.

हे मला कसं पटलं ते सांगतो. फर्स्ट ऑफिसर म्हणून नवीन असताना मी एकदा रूट हाताने टाकला, एका पॉइंटच्या नावाचे दोन पर्याय आले आणि मी वरचा निवडून पुढे गेलो. शेजारचे कॅप्टन काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, एकूण मैल किती आले. मी वाचून दाखवले. मग त्यांनी कागदावरचा आकडा मला वाचायला लावला. दोघांत चारशेच्या वर फरक होता. ते म्हणाले, "आता तूच शोध." मी शोधला, सापडला, आणि तेव्हापासून एकूण अंतर वाचल्याशिवाय मी एकदाही पुढचं पान उघडलेलं नाही. त्यांनी स्वतः चूक दाखवली असती तर मी ती आठवड्याभरात विसरलो असतो.

तोच प्रकार हवेत, रात्री, डोंगरांमध्ये झाला तर काय होतं ते कालीच्या अपघातात दिसतं. २० डिसेंबर १९९५, अमेरिकन एअरलाइन्सची फ्लाइट ९६५, बोईंग ७५७, मायामीहून कोलंबियातल्या कालीला. कंट्रोलरने विचारलं सरळ समोरचा रनवे १९ घेणार का, क्रूने हो म्हटलं, आणि आता सगळं भराभर बदलायचं होतं. चार्टवर रोझो नावाच्या बीकनची, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राची, खूण आर अशी होती, म्हणून एफएमसीत आर टाकलं. डेटाबेसमध्ये मात्र रोझो त्या एका अक्षराने मिळत नव्हता, पूर्ण नाव टाकावं लागत होतं, आणि आर टाकल्यावर आलेल्या यादीत वर होता बोगोटाजवळचा रोमिओ नावाचा बीकन, शंभरहून जास्त मैल लांब. तो निवडला गेला, दुसऱ्याने न ताडता पक्का झाला आणि विमान डावीकडे वळून दरी सोडून डोंगरांकडे गेलं. त्याच्या आधी डायरेक्ट, म्हणजे पुढच्या पॉइंटला थेट जायचा आदेश, दिल्यामुळे मधले पॉइंट्सही स्क्रीनवरून गेले होते, तुलुआचा व्हीओआर म्हणजे तिथलं रेडिओ केंद्र त्यात होतं, त्यामुळे आपण नक्की कुठे आहोत हे कळायलाही वेळ गेला. १६३ पैकी १५९ जण गेले. मी हे दरवेळी क्लासमध्ये सांगतो आणि दरवेळी सांगताना घसा दाटतो, कारण त्या रात्री केलेलं एकेक काम आपण सगळे रोज करतो. रनवे बदलणं, डायरेक्ट टाकणं, यादीतलं वरचं नाव निवडणं. म्हणून एक नियम अंगात भिनव, बदल केल्यावर एक्झेक दाबायच्या आधी नकाशावरची तुटक रेष बघायची, ती कुठे वळतेय ते मोठ्याने बोलायचं, आणि शेजारच्याने बघून "कन्फर्म" म्हटल्यावरच बोट त्या बटणावर न्यायचं.

डिसेंटला, म्हणजे खाली उतरण्याकडे, येऊ. व्हीनॅव्ह म्हणजे उंची सांभाळणारा मोड टॉप ऑफ डिसेंट, उतरायला सुरुवात करायची जागा, काढून देतं म्हणून बरेच जण ते गणित करतच नाहीत. तू मात्र रोज कर. हजारात उंची गुणिले तीन, एवढंच. ३५,००० वरून ३,००० ला यायचंय म्हणजे ३२ त्रिक ९६ मैल, वेग कमी करायला आणखी दहाएक मैल, म्हणजे १०५ च्या आसपास. मागून वारा असेल तर थोडं आधी, समोरून असेल तर थोडं नंतर. मशीन ११० दाखवतंय, छान. मशीन ८० दाखवतंय, तर का? वारे टाकले नाहीत का, कुठली उंचीची अट राहिली का, की स्टार, म्हणजे विमानतळाकडे यायचा ठरलेला मार्ग, चुकीचा आहे? आणि हे गणित खाली उतरताना दर पाच हजार फुटांवर परत करायचं, २०,००० ला असताना किती मैल उरायला हवेत, १०,००० ला किती. मग ड्रॅग रिक्वायर्ड, म्हणजे वेग मारायला स्पीडब्रेक वगैरे वापर असा मेसेज यायच्या आधीच तुला कळलेलं असतं की आपण वर राहिलोय.

इथे अजून एक गोष्ट, जी पहिल्या चारपाच सेशनमध्ये प्रत्येकाची होते. टॉप ऑफ डिसेंट जवळ आला पण वरच्या पॅनलवर उंची खाली सेट केलीच नाही. ७३७ वर व्हीनॅव्ह त्या खिडकीतल्या उंचीच्या खाली जात नाही, रिसेट एमसीपी ऑल्टचा मेसेज येतो, तो वाचला नाही तर विमान सरळच चालत राहतं आणि एकेक मैल वाया जातो. म्हणजे एफएमसीतला प्लॅन वेगळा आणि विमान प्रत्यक्षात काय करतंय ते वेगळं. ते कळतं फक्त एफएमएवरून, समोरच्या स्क्रीनच्या वरच्या पट्टीतल्या शब्दांवरून. एलनॅव्ह लिहिलंय, म्हणजे विमान एफएमसीच्या मार्गावर आहे, की हेडिंग सिलेक्ट, म्हणजे तू दिलेल्या दिशेवर? व्हीनॅव्ह पाथ की व्हीनॅव्ह स्पीड? एअरबसवर नॉब ढकलला की कारभार कॉम्प्युटरकडे, ओढला की तुझ्याकडे, पण ढकलला म्हणून त्याने घेतलाच असं नाही, पट्टीत नॅव्ह आलं का ते वाच. बटण दाबलं की वर बघून शब्द वाचायचा आणि उच्चारायचा, माझ्याकडे याला माफी नाही.

ऐनवेळी रनवे बदलला की काय करायचं हे तू विचारलं नाहीयेस पण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. सिम्युलेटरमध्ये मी मुद्दाम ४० मैलांवर रनवे बदलून देतो. ठरलेलं चित्र दिसतं, दोघंही मान खाली घालून सीडीयूत, म्हणजे एफएमसीच्या त्या स्क्रीन-कीबोर्डमध्ये, शिरतात, एक टाईप करतो, दुसरा "ते नाही, त्याच्या खालचं" असं सांगतो, आणि समोर बघायला कोणीच नाही. विमान मात्र मिनिटाला चारपाच मैल धावतंय. योग्य क्रम असा, जो उडवतोय त्याने हेडिंग सिलेक्ट आणि साध्या मोडने विमान हातात घ्यायचं, तो फक्त बाहेर आणि इन्स्ट्रुमेंट्सकडे बघणार. दुसरा टाईप करणार, आधी रनवे आणि अप्रोच, मग ट्रान्झिशन, मग लेग्जवर जाऊन डिस्कंटिन्युइटी, म्हणजे मार्गातली तुटलेली फट, बघणार, मग दोघांनी मिळून तपासून एक्झेक. त्यानंतर फ्रिक्वेन्सी, कोर्स, मिनिमा म्हणजे रनवे दिसला नाही तर जिच्याखाली जायचं नाही ती उंची. डिस्कंटिन्युइटी दिसली की लगेच पुसायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. काही टप्पे मुळातच असे असतात की पुढे कंट्रोलर हेडिंग देणार असतो, तिथे ती फट मुद्दाम ठेवलेली असते, पुसलीस तर मशीन स्वतःच्या मनाने सरळ रेष जोडून टाकेल. चार्ट बघ आणि मग ठरव. आणि वेळ पुरत नसेल तर वेळ माग, व्हेक्टर्स म्हणजे कंट्रोलरकडून दिशा माग, होल्ड म्हणजे एका जागी घिरट्या घालायची परवानगी माग. एका मुलीने सिममध्ये शांतपणे "अनेबल, रिक्वेस्ट होल्ड" म्हटलं होतं, मी तिला त्या सेशनला सगळ्यात वरचे मार्क दिले. १०,००० फुटांच्या खाली तर टाईपिंग होता होईल तेवढं टाळायचंच.

जमिनीवर बदलला तरी सावध. टॅक्सी करताना रनवे बदलला आणि एफएमसीत नवा टाकला की बोईंग टेकऑफ स्पीड्स पुसून टाकतं आणि मेसेज देतं, एअरबसही चेक टेकऑफ डेटा म्हणतं. ते त्रास द्यायला नाही, नवीन रनवेची लांबी वेगळी, वारा वेगळा, गणित परत करायचं असतं. थांबून, पार्किंग ब्रेक लावून करायचं.

कॉस्ट इंडेक्स, स्टेप क्लाइंब, फिक्स पेज, सेकंडरी फ्लाइट प्लॅन, हे सगळं आत्ता सोड. कॉस्ट इंडेक्स म्हणजे वेळेचा खर्च विरुद्ध इंधनाचा खर्च, शून्य टाकला की कमीत कमी इंधनाचा वेग, मोठा टाकला की जास्त वेग, एवढं माहीत असलं की पुरे, आकडा कंपनी देते. डेटाबेसची तारीख मात्र पहिल्याच पानावर बघायची, तो दर २८ दिवसांनी बदलतो आणि बदलाच्या दिवशी जुनाच ॲक्टिव्ह राहिलेला असू शकतो.

घरच्या सिम्युलेटरबद्दल. उपयोग होतो, नक्की होतो, पण दोन वाईट सवयी लागतात. एक म्हणजे माऊसने पॉज करून विचार करायचा, दुसरी म्हणजे एकटंच सगळं करायचं, ताडणारा कोणी नाही. म्हणून पॉज बंद कर, आणि शेजारी कोणी बसलंय असं समजून प्रत्येक बदल मोठ्याने सांग, शक्य असेल तर बॅचमधल्या मित्राला खरंच बसव. रूट बाहेरून आयात करायची सोय असते ती वापरू नकोस, हाताने टाक. एक व्यायाम देतो तो सिमपेक्षाही जास्त उपयोगी आहे, कुठलाही जुना फ्लाइट प्लॅन घे, एकूण अंतर, वेळ आणि इंधनाचे आकडे कागदाने झाक, आणि फक्त रूट, वारे आणि वजनावरून अंदाज कर. मग कागद काढ. सुरुवातीला बरंच चुकेल, महिन्याभरात पाच टक्क्यांच्या आत येशील.

दिवस किती लागतात, तर माझ्या अनुभवात बटणांना दोन आठवडे, सिममध्ये दडपण न घेता टाईप करायला पाचसहा सेशन, आणि प्रत्यक्ष लाइनवर मशीनच्या पुढे राहून विचार करायला साधारण सहा महिने. त्या सहा महिन्यांत एक छोटी वही खिशात ठेव. प्रत्येक फ्लाइटनंतर दोनच ओळी लिही, आज कुठे माझा अंदाज आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला नाही, आणि का. कारण सापडलं नाही तर ते पान दुमडून ठेव आणि पुढच्या सेशनला इन्स्ट्रक्टरसमोर उघड. मी अशी दुमडलेली पानं घेऊन येणाऱ्यांसाठी सेशन संपल्यावर आनंदाने तासभर थांबतो.